काचा पुसायची निम्मी लाईन हाताखालच्या पोराला चालवायला द्यायची आहे, वाटा किती धरावा?

काचवाला_सोलापूर

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचून सांगा, मला खरंच निर्णय घ्यायचा आहे.

मी 2019 पासून सोलापुरात काचा पुसायचं काम करतो. दुकानं, शोरूम, दवाखाने असलं सगळं. नवी पेठेतल्या चार दुकानांपासून सुरुवात केली, तेव्हा लोक म्हणायचे आमचा पोरगा ओल्या पेपरनं पुसतोय की, तुला वेगळे पैसे कशाला. एकेक करत आज 36 गिऱ्हाईकं आहेत. लॉकडाऊनला सगळं बंद पडलं होतं, ते परत दारोदार फिरून उभं केलं. लाईनचे, म्हणजे ठरलेल्या गिऱ्हाईकांच्या फेरीचे, दोन भाग आहेत, एक नवी पेठ, टिळक चौक, पार्क चौक आणि दुसरा सात रस्त्यापासून होटगी रोड, आसरा, जुळे सोलापूर.

आता माझ्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकली आहे. डॉक्टरनी सांगितलंय सहा महिने घोड्यावर म्हणजे शिडीवर चढायचं नाही, भरलेली बादली उचलायची नाही. नवी पेठेकडची कामं बैठी आहेत, दुकानाच्या एकाच उंचीच्या काचा, ती मी भावाला सोबत घेऊन कशीतरी करीन. होटगी रोडची बाजू मात्र मला होणार नाही.

माझ्याबरोबर एक पोरगा अडीच वर्षं आहे, कुंभारीकडून येतो, 600 हजेरी देतो त्याला. हात लई चांगला आहे. काचेवर फर (साबणपाणी लावायचा लवदार पट्टा) मारून वायपर वरून खाली ओढतो तेव्हा प्रत्येक ओढीनंतर रबर कपड्याला पुसतो, सांगावं लागत नाही, कोपऱ्यात थेंब राहू देत नाही. त्यालाच होटगी रोडची बाजू चालवायला द्यावी असं ठरवलंय.

त्या बाजूचा महिन्याचा हिशोब असा. 11 दुकानं आठवड्याला एकदा, सरासरी 500 महिना, म्हणजे 5,500. तीन शोरूम महिन्यातून दोनदा, प्रत्येकी 2,500, म्हणजे 7,500. दोन दवाखाने 1,200 प्रमाणे 2,400. आणि एक कोचिंग क्लासची दोन मजली बिल्डिंग महिन्यातून एकदा, 3,600. सगळे मिळून 19,000. पेट्रोल, लिक्विड, रबर, कपडे यात साधारण 1,700 जातात. काम महिन्याला 12 सकाळी होतं.

मी त्याला म्हणालो सामान माझं, स्कूटर माझी, निम्मे निम्मे करू, तुला 9,500 पडतील, हजेरीनं 7,200 पडत होते. तो म्हणतो मालक मला 80 टक्के पाहिजेत, सगळं मीच करणार आहे. मला ते ऐकून वाईट वाटलं, कारण गिऱ्हाईक एकेक मी जमवलंय. घरात बायको म्हणते 80 देऊन तुमच्याकडं राहणार काय.

दुसरी भीती अशी की सहा महिन्यांनी गिऱ्हाईक त्यालाच ओळखायला लागलं तर माझं काय? मागच्या महिन्यात दोन दुकानांत त्यानं स्वतःचा क्यूआर दाखवून पैसे घेतले. मला लगेच दिले, लपवलं नाही, पण मनात आलंच.

आणि तिसरं, चूक झाली तर भरपाई कोणाची? मे महिन्यात एका दवाखान्याच्या काचेवर टाकीचं पाणी ओघळून पांढरे थर बसले होते. ह्यानं टाईल्सचं ऍसिड आणून मारलं. काच चकाचक निघाली पण ऍसिड ओघळून खालच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर गेलं आणि पट्टी डागाळली. 2,800 रुपये मी भरले.

वाटा किती ठेवावा, लिहून काय घ्यावं, सांगा.

---

हाऊसकीपिंगवाली_पुणे

भाऊ, आधी तब्येत सांभाळा. मी मूळची सोलापूरचीच, माहेर बाळीवेशीत, पुण्यात 11 वर्षं हाऊसकीपिंगची कामं घेते आणि निम्मी कामं सबला म्हणजे पुढं दुसऱ्याला ठेक्यानं देते म्हणून सांगते.

तुम्ही दोघं टक्क्यांवर भांडताय, हीच चूक होतीये. टक्का हा शेवटी निघायला पाहिजे, सुरुवातीला नाही. 19,000 हा एक ढीग नाहीये, त्यात चार वेगवेगळ्या गोष्टींचे पैसे आहेत आणि त्या वेगळ्या काढल्या की भांडण निम्मं संपतं.

एक म्हणजे सामान आणि पेट्रोल, 1,700. ज्याच्या खिशातून जातात त्याला पहिले परत. दुसरं म्हणजे चुकीसाठी बाजूला ठेवायचे पैसे, महिन्याला 800 ठेवा, वर्षात तुमची ती पट्टी असली एखादी गोष्ट होतेच होते. राहिले 16,500. आता यातून मजुरी काढा, पण हजेरीच्या भावानं काढू नका. हजेरीच्या माणसाला काम नसलं तर तो दुसरीकडं जातो, चूक झाली तर मालक निस्तरतो, किल्ली मालकाकडं. आता पहाटे किल्ली घेऊन तोच जाणार, शोरूमच्या मॅनेजरचं तोच ऐकून घेणार, आजारी पडला तर बदली माणूस तोच बघणार. त्या जबाबदारीचे वर पैसे पडले पाहिजेत. मी 800 धरते. 12 दिवसांचे 9,600. राहिले 6,900, ते लाईनचे. म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक जमवलं, नाव कमावलं, बिलं करता, फोन घेता, त्याचे. ते निम्मे निम्मे करा, 3,450 त्याला आणि 3,450 तुम्हाला.

त्याच्या हातात 13,050, एकूणाच्या 69 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तुमचं पन्नास कमी आहे आणि त्याचं ऐंशी तुमचं सामान वापरून जरा जास्त आहे. सामान आणि गाडी त्याची असेल तर ते 1,700 पण त्याचे, मग तो 14,750 ला जातो, म्हणजे 77-78 टक्के. पोरगा फार अवाजवी बोलत नाहीये.

आणि क्यूआरचं आजच मिटवा. पैसे एकाच खात्यात येऊ देत, तुमच्या. तुमच्या क्यूआरचं कार्ड लॅमिनेट करून प्रत्येक गल्ल्यावर द्या. पण मग त्याला महिन्याच्या महिन्याला सगळा हिशोब दाखवायची जबाबदारी तुमची.

---

पूर्वभाग_सोलापूर

ताईंचं गणित आवडलं पण एक गोष्ट राहिली ओ. काचवाला भाऊ 12 सकाळी म्हणतात ते दोघांचे 12 आहेत. एक जण फर मारतो, दुसरा मागनं वायपर ओढतो, एक घोडा धरतो एक चढतो. आता पोरगा एकटा असणार आहे, त्याला 12 दिवसांत होणार नाही. मी हेच काम पाच वर्षं केलंय, एकट्याला तेच काम 16 सकाळी तरी लागतील, आणि एप्रिल मे मध्ये अजून जास्त, कारण आपल्याकडं 42-43 डिग्रीला नऊ वाजल्यानंतर उन्हातल्या काचेला हात लावून बघा, साबण मारला की वायपर टेकवायच्या आत वाळतो आणि रेघा पडतात. मग सकाळी साडेसहा ते नऊ एवढाच वेळ मिळतो.

आता मी सबवाल्याच्या बाजूनं बोलतो. मी एका एजन्सीकडं काचांच्या बिल्डिंगचं काम सबवर घेतलं होतं, नाव घेत नाही. 60 टक्के ठरले होते. कशाचे 60 हे मला कधीच दाखवलं नाही. ते म्हणायचे बिल 8,000 चं आहे, मी 4,800 घ्यायचो. एक दिवस तिथल्या वॉचमननं चहा पिता पिता सांगितलं की बिल साडेअकरा हजाराचं होतंय, ऑफिसात त्यानं स्वतः पोहोचवलंय. त्या दिवशी जे वाटलं ते पैशांपेक्षा जास्त होतं, दोन वर्षं आपण त्यांना दादा दादा करत होतो. शिवाय पार्टीनं पैसे दिले नाहीत म्हणून माझे पण तीन महिन्यांचे अडकवले. मी पार्टीला कधी बघितलेलं पण नाही आणि तिची उधारी मी सोसायची.

त्यामुळं भाऊ, दोन गोष्टी लिहून द्या. बिलाचा फोटो त्याला दरमहा व्हॉट्सॲपला जाणार, दर वाढला तर त्याच महिन्यापासून त्याचा पण वाढणार. आणि पार्टी देवो न देवो, त्याचे पैसे ठरल्या तारखेला. गिऱ्हाईक तुमचं असं म्हणता ना, मग त्याची उधारी पण तुमची.

चुकीच्या भरपाईबद्दल. माझी आई बिड्या वळायची, आमच्या गल्लीत घरोघरी बायका वळतात. कारखान्यात तंबाखू आणि पानं मोजून देतात, हजारावर मजुरी. बिड्या द्यायला गेलं की तपासणारा बाजूला काढतो, ही ढिली, ही वाकडी, आणि तेवढ्या मजुरीतून जातात. पण पानच वाळकं, फाटकं दिलं असलं तरी कमी पडलेल्या बिड्या बाईच्याच माथी. आई घरी येऊन न बोलता बसायची. मी तेव्हापासून हे डोक्यात ठेवलंय की ज्यानं सामान दिलं आणि काम कसं करायचं ते शिकवलं, चूक त्याची पण असते. तुम्ही त्याला कधी सांगितलं होतं का की ऍसिड ॲल्युमिनियमला लागू द्यायचं नाही? नसेल सांगितलं तर ते 2,800 तुमचेच होते. सांगून परत केलं तर त्याचे.

पांढऱ्या डागांना टाईल्सचं ऍसिड वापरायचंच नाही. बोअरचा क्षार आहे तो. सायट्रिक ऍसिड, म्हणजे किराणा दुकानात लिंबू सत्व मागितलं की मिळतं, ते कोमट पाण्यात विरघळवून कपडा भिजवायचा आणि काचेवर पाच दहा मिनिटं चिकटवून ठेवायचा, मग हलक्या हातानं घासून भरपूर पाण्यानं धुवायचं. आधी एका कोपऱ्यात करून बघायचं. लई जुना थर असला तर दोन तीन वेळा करावं लागतं. तरी निघाला नाही तर काचच खाल्ली गेली आहे असं समजायचं आणि गिऱ्हाईकाला खरं सांगायचं.

---

हाऊसकीपिंगवाली_पुणे

@पूर्वभाग बरोबर पकडलंत, मी दिवसांकडं नीट बघितलंच नाही. 16 दिवस धरले तर परत मांडते. दिवसाला 800 ऐवजी 750 धरू, कारण अडीच तासांची सकाळ आहे, दुपारी तो दुसरं काम करू शकतो. 16 गुणिले 750 म्हणजे 12,000. 16,500 मधून गेले की लाईनचे 4,500 राहतात, निम्मे केले की 2,250. पोराचे 14,250. हे बरोबर 75 टक्के येतात. सामान तुमचं धरून.

---

काचवाला_सोलापूर

ताई, पूर्वभाग भाऊ, दोघांचे आभार. 12 दिवसांचं माझ्याच लक्षात आलं नव्हतं, मी सोबत असतो म्हणून 12 मध्ये होतंय हे मी धरलंच नाही.

पण खरं सांगू का, 2,250 आकडा बघून पोटात गोळा आला. आतापर्यंत ह्या बाजूचे सगळा खर्च आणि त्याची हजेरी जाऊन माझ्या हातात दहा हजार यायचे. आता औषधं चालू आहेत, पोरीची फी आहे.

ऍसिडचं, होय, मी त्याला सांगितलं नव्हतं. मला स्वतःला पट्टीचं माहीत नव्हतं. ते 2,800 त्याच्याकडून मागायचं मनात होतं, आता नाही मागणार.

---

पेपरलाईन_413

भाऊ ते दहा हजार तुमचे होते कारण तुम्ही पण 12 सकाळी घोड्यावर होता. ती तुमची मजुरी होती आणि लाईनचा फायदा पण होता, दोन्ही एकत्र दिसत होतं म्हणून सगळं लाईनचंच वाटतंय. आता मजुरी त्याची झाली.

मी वीस वर्षं पेपर टाकले, रेल्वे लाईन्स आणि मोदीचा भाग. आमच्या धंद्यात हे सगळं आधीच ठरलेलं असतं. पोरगा लाईन टाकतो त्याला पगार. लाईन कोणी चालवायला घेतली तर मालकाला महिन्याला ठरलेले पैसे. आणि लाईन विकली तर सरळ विकली, मग मालकाचा संबंध संपला. मी माझी लाईन 2021 ला विकली, गुडघे गेले म्हणून. चार महिन्यांचं कमिशन मिळालं, दोन हप्त्यांत. घेणाऱ्याला घेऊन पंधरा दिवस रोज घरोघरी फिरलो, इथं जिन्यात टाकायचा, इथं कुत्रं आहे, ह्या आजोबांना सहाच्या आत पाहिजे. त्या पंधरा दिवसांचेच खरे पैसे मिळाले म्हणा.

तुम्हाला विकायचा विचार पण करायला हरकत नाही. सहा महिन्यांनी तुमची कमर बरी होईलच असं कोण सांगणार? होवोच, पण. विकली तर पोरगा कष्टानं तुमचाच धंदा चोरतोय असं तुम्हाला वाटणार नाही आणि आपण दुसऱ्याच्या शेतात राबतोय असं त्याला वाटणार नाही.

---

मोहोळकर

पेपरलाईन दादांशी सहमत, पण आत्ता विकू नका. आमच्याकडं शेताचं बघा. एक असतं वाट्यानं लावणं, बी खत निम्मं निम्मं, पीक आलं की निम्मं, बुडालं तर दोघं बुडाले. दुसरं खंडानं देणं, एकरी ठरलेली रक्कम आधी मोजून घ्यायची, मग तो तिथं ऊस लावो नाहीतर पडीक ठेवो. खंडात मालक निवांत असतो पण करणाऱ्याचा सगळा धोका त्याच्या अंगावर. नवीन माणसाला खंडानं देऊ नये, एखादं शोरूम बंद पडलं तर त्याची मजुरी पण निघणार नाही आणि तुमचा खंड मात्र चालूच. पहिले सहा महिने वाटा ठेवा. त्याचा जम बसला आणि त्यालाच पाहिजे असेल तर मग खंड, महिन्याला ठराविक तीन हजार वगैरे, सामान गाडी सगळं त्याचं.

अजून एक, त्यानं स्वतः नवीन गिऱ्हाईक आणलं तर ते कोणाचं हे आजच बोला. आमच्याकडं बांधावरच्या झाडावरनं भावाभावांत कोर्ट झालंय.

---

हिशोबनीस_दत्तचौक

मी टॅक्सची छोटी कामं करतो, त्या अंगानं थोडं.

कागदपत्रांना घाबरू नका. दोन्ही बाजू मिळून तुमचं वर्षाचं काम 20 लाखांच्या जवळपास पण नाही, त्यामुळं जीएसटी नोंदणीचा प्रश्न नाही. टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतात त्या कराचं, पण तेच, ठेक्याच्या कामावर एका बिलाला 30 हजार किंवा एका पार्टीचे वर्षाला मिळून एक लाख याच्या वर गेलं तर समोरचा कापतो. तुमचं एक शोरूम वर्षाला 30,000 देतंय, कोचिंग 43,200, कोणीच त्यात बसत नाही. पण सगळे पैसे तुमच्या खात्यावर येणार आणि त्यातले पाऊण पोराला जाणार, तर ते रोख देऊ नका. यूपीआयनं द्या आणि महिना लिहून एक व्हाउचर सही करून ठेवा, नाहीतर कागदावर सगळं उत्पन्न तुमचंच दिसेल.

गिऱ्हाईक पळवण्याबद्दल. बरेच जण स्टँपवर लिहून घेतात की काम सोडल्यावर पाच वर्षं सोलापुरात हा धंदा करणार नाही. हे लिहून काही उपयोग नाही. भारतीय करार कायदा 1872, कलम 27, कोणाला धंदा करायलाच बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. तुमचं काम चालू आहे तोपर्यंत त्यानं तुमच्या गिऱ्हाईकाशी परस्पर व्यवहार करायचा नाही, हे लिहिता येतं. सोडून गेल्यानंतरचं धरून ठेवता येत नाही. आणि गंमत अशी की त्याच कलमात एक अपवाद आहे, धंद्याचं नाव म्हणजे गुडविल विकलं तर विकणाऱ्यानं त्या भागात तोच धंदा करू नये अशी वाजवी अट टिकते. म्हणजे पेपरलाईन दादा म्हणतात तसं तुम्ही विकलीत तर बंधन तुमच्यावर येईल, होटगी रोडला परत गिऱ्हाईक करायचं नाही. हे विकायच्या आधी लक्षात असू द्या.

भागीदारी होत नाही ना ही शंका पण असते. भागीदारी कायदा 1932 च्या कलम 6 प्रमाणे कामाचा मोबदला नफ्यातल्या वाट्यानं दिला म्हणून तेवढ्यावर कोणी भागीदार होत नाही. तरी कागदावर एक ओळ लिहा, काम ठेक्यानं दिलंय, भागीदारी नाही.

आता महत्त्वाचं. तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये कोचिंगच्या दोन मजली बिल्डिंगवर एकच ओळ आहे. तिथं तो एकटा चढणार आहे का?

---

काचवाला_सोलापूर

आतापर्यंत मी खालून घोडा धरायचो आणि तो चढायचा. वरच्या मजल्याला गच्चीवरून दोर सोडून कमरेला बांधतो.

---

पूर्वभाग_सोलापूर

भाऊ नको. कमरेला दोर बांधून अजिबात नको. पडताना झटका बसला तर तो दोर पोटात आणि कमरेत रुततो, माणूस वाचला तरी कामाचा राहत नाही. पूर्ण अंगाचा पट्टा पाहिजे, खांद्याला आणि मांड्यांना येतो तो. आणि तो बांधायला गच्चीवर पक्की जागा पाहिजे, पाण्याच्या टाकीचा पाईप नाही चालत, कठडा पण नाही.

त्याच्यापेक्षा चढायचंच नाही. वीस फुटी ॲल्युमिनियमचा लांब होणारा दांडा घ्या, त्याला फर आणि वायपर दोन्ही लागतात, दोन मजली काच जमिनीवरून होते. सुरुवातीला मान दुखते, आठवड्यात हात बसतो. शेवटचं पाणी साधं बोअरचं मारू नका, वाळलं की परत पांढरं दिसतं आणि गिऱ्हाईक म्हणतं पुसलंच नाही. वीस लिटरचा आरओचा जार न्या. जार न्या म्हणजे प्यायच्या पाण्याचा, मशीनमधनं बाजूला निघतं ते वेस्ट पाणी नाही, त्यात क्षार अजून जास्त असतो, मी एकदा फुकट मिळतंय म्हणून वापरून एक अख्खं शोरूम परत पुसलंय. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, दुकानदार बादलीभर पाणी द्यायला पण तोंड वाकडं करतात, त्यामुळं कॅन स्वतःचाच ठेवायला लागतो. त्या जाराचे पैसे पण खर्चात धरा, 1,700 मध्ये नसतील.

---

हिशोबनीस_दत्तचौक

आणि सबवर दिलं म्हणून तुम्ही सुटला असं समजू नका. मूळ काम तुमच्या नावावर आहे, अपघात झाला की सगळे तुमच्याकडंच येणार. त्याच्या बँक खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच चालू करा, वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघातात मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर 1 लाख. पण त्यात दवाखान्याचं बिल येत नाही. ते धरणारा अपघाताचा वेगळा विमा काढा, त्याला काम काय करतो ते खरं सांगून. हप्ता त्या 800 मधून भरा.

---

काचवाला_सोलापूर

काल संध्याकाळी पोराला घरी बोलवलं. बायकोनं शेंगा चटणी भाकरी केली होती, जेवण झाल्यावर वही उघडली आणि ताईंनी मांडलंय तसं त्याच्यासमोर परत मांडलं. त्याला पहिल्यांदा कळलं की शोरूम 2,500 देतं, त्याला वाटत होतं 4,000 देत असतील. म्हणजे तो 80 मागत होता ते मोठ्या आकड्यावरचे मागत होता. मी अडीच वर्षांत त्याला एकदाही बिल दाखवलं नव्हतं. पूर्वभाग भाऊंची वॉचमनची गोष्ट वाचली होती म्हणून हे जास्त लागलं.

ठरलं ते असं. 75 त्याचे, सामान आणि पेट्रोल माझं, सहा महिने. दर महिन्याच्या 10 तारखेला पैसे, पार्टीनं दिले असोत नसोत. क्यूआर माझा, बिलाचा फोटो त्याला. त्यानं नवीन आणलेलं गिऱ्हाईक पूर्ण त्याचं, त्यात मी एक रुपया घेणार नाही, फक्त माझ्या गिऱ्हाईकाच्या शेजारचं दुकान असेल तर मला आधी सांगायचं. सांगितलेली चूक परत केली तर भरपाई त्याच्या वाट्यातून, नवीन काही झालं तर बाजूला ठेवलेल्या 800 मधून. लिंबू सत्व आणलंय, आज दवाखान्याच्या मागच्या काचेवर दोघांनी करून बघितलं, दुसऱ्या वेळेला थर निघाला.

कोचिंगचं मात्र मी आत्ता थांबवलंय. दांडा येईपर्यंत तिथं कोणी जाणार नाही. तिथल्या सरांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले एक महिना उशीर झाला तरी चालेल. दांडा आला की दोघं जाणार, जोडीदाराचे 600 आधी काढायचे आणि राहिलेल्या 3,000 चे 75-25.

विकायचं सहा महिन्यांनी बघू. पोरगा म्हणाला मालक तुम्ही बरे झालात तर परत या, मी नवी पेठेची बाजू शिकतो. हे तो मनापासून बोलला.

बायकोनं एक विचारलं ते राहिलंय, दिवाळीच्या आधी बंगल्यांची जी वेगळी कामं येतात, विजापूर रोडची आठ नऊ, ती ह्या वाट्यात धरायची का वेगळी? ताई सांगा.

---

हाऊसकीपिंगवाली_पुणे

वेगळी धरा. दिवाळीत तुम्हाला चार माणसं लागणार, एकेका बंगल्याला जाळ्या, ट्रॅक, पंखे सगळं सांगतात, काचेचा दर तिथं लागू होत नाही. प्रत्येक बंगला बघून भाव द्या आणि त्या दिवशी जो असेल त्याला हजेरीच, पण 600 नाही, 900. फोन कोणाला आला ते लिहून ठेवा, त्याला आला तर त्याला 10 टक्के वर. ऑक्टोबरच्या आधी एकदा वही घेऊन बसा दोघं.

आणि भाऊ, त्या 800 मधून भरायच्या विम्याचं विसरू नका.

---

काचवाला_सोलापूर

20 रुपयांचा आज दुपारी बँकेत जाऊन चालू केला, माझा पण आणि त्याचा पण. दुसऱ्या विम्याच्या माणसाला उद्या बोलवलंय.